रात्री चालणारा डिस्प्ले पहाटे काळा का होतो?

पहाटे पावणेसहाला मामांचा फोन आला. "आगं, ते पुन्हा काळं झालंय बघ. रात्री तू गेलीस तवा तर चांगलं चाललं हुतं." मागे किटल्यांचा खणखणाट ऐकू येत होता. करवीर तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या दूध संस्थेत सकाळचं संकलन सुरू झालं होतं, आणि काउंटरवर मी बसवलेला छोटा डिस्प्ले बंद होता. ही तिसरी वेळ.

रचना साधी आहे. वजनकाट्याची आणि मिल्क ॲनालायझरची सिरियल केबल रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या संगणकाला (पुढे नुसतं "पाय") येते, आणि ओएलईडी डिस्प्लेवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दिसतं. पावती छापून मिळतेच. पण पावती खिशात जाते, आणि चष्मा घरी राहिलेला असतो. फॅट किती लागली ते दूध घालणाऱ्याला तिथेच, मोठ्या अक्षरांत, सगळ्यांच्या देखत दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी मी हे काम हातात घेतलं. आपल्याकडे मापात पाप नको असं म्हणतात. माप उघड्यावर असलं की पापाला जागाच उरत नाही. म्हणून डिस्प्ले काळा दिसला की मला फार लागतं. रांगेतल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "आज आकडा दिसंना, मग मी काय समजू?" त्यांना उत्तर देता आलं नाही.

तिन्ही वेळा लॉगमध्ये शेवटची ओळ एकच होती: मोड्यूल-नॉट-फाउंड-एरर, नो मोड्यूल नेम्ड लुमा. म्हणजे डिस्प्ले चालवणारी लुमा डॉट ओएलईडी ही पायथन लायब्ररी सापडत नाही. आणि तिन्ही वेळा ती मी स्वतः, माझ्या हाताने, कुठलीही एरर न येता टाकलेली होती. संदेश एक, पण कारणं तीन निघाली. मी पहिल्या दोन वेळा संदेश वाचून लायब्ररी पुन्हा टाकली आणि घरी आले. तिथंच चुकलं. लायब्ररी आहे की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की प्रोग्राम चालवणारा पायथन कोणता, आणि तो कुठे शोधतोय.

खाली सगळं त्याच अंगाने लिहिलंय. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, तिरप्या रेघा आणि जोडरेघा मात्र जशाच्या तशा. वापरकर्त्याचं नाव मी "केंद्र" धरलंय, तिथे तुमचं घाला.

पहिली वेळ: दोन पायथन

पूर्वी रास्पबेरी पायवर सुडो पिप इन्स्टॉल म्हटलं की काम व्हायचं. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, आणि पिप हे पायथनच्या लायब्ररी टाकणारं साधन. ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ओएस डेबियन १२ वर, म्हणजे बुकवर्मवर आली. तिच्यात पायथन ३.११ आहे, आणि तेव्हापासून तीच आज्ञा दिली की लाल अक्षरांत "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" अशी एरर येते. ही बिघाडाची खूण नाही. पायथनच्या पेप ६६८ या नियमाप्रमाणे ऑपरेटिंग सिस्टीम तुम्हाला बजावते, की हा पायथन माझा आहे, त्यातली पॅकेजेस मी ॲप्टने, म्हणजे माझ्या स्वतःच्या साधनाने सांभाळते, तुम्ही पिपने त्यात हात घालू नका. कारण सरळ आहे. एकाच घरात दोन कारभारी सामान ठेवू लागले की कोणी काय हलवलं याचा पत्ता लागत नाही.

मी ते ऐकलं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे व्हेनव्ह (पायथनचं सामान ठेवायचा आपला वेगळा फोल्डर) तयार केलं, ॲक्टिव्हेट केलं, लुमा टाकली, प्रोग्राम चालवला, डिस्प्ले उजळला. मग क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे आपोआप चालवायच्या आज्ञांच्या यादीत, रीबूटची ओळ लिहिली: पायथन३ आणि पुढे प्रोग्रामचा पत्ता. दुसऱ्या दिवशी पहाटे काळं.

व्हेनव्ह ॲक्टिव्हेट करणं म्हणजे फक्त त्या एका टर्मिनलपुरतं पाथ, म्हणजे आज्ञा कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, बदलणं. टर्मिनल बंद झालं की संपलं. क्रॉनला, सिस्टमडीला (बूट होताना सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम), किंवा सुडो लावून चालवलेल्या आज्ञेला त्याची खबरही नसते. सुडो तर स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो, त्यामुळे व्हेनव्ह चालू असताना सुडो पायथन३ म्हटलं तरी यूएसआर बिनमधलाच सिस्टीमचा पायथन उठतो. त्याच्याकडे लुमा नाहीच, तर तो काय दाखवणार?

म्हणून सगळ्यात आधी तपासायचं ते हे. प्रोग्रामच्या अगदी वर, लुमा इम्पोर्ट करण्याच्या आधी, दोन ओळी घाला:

इम्पोर्ट सिस
प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल, सिस.व्हर्जन)

आता हाताने चालवून काय छापलं जातं आणि बूट झाल्यावर लॉगमध्ये काय येतं, हे दोन्ही समोरासमोर ठेवा. पत्ते वेगळे दिसले तर दुखणं सापडलं, बाकी काहीही खोलायची गरज नाही. पिपच्या बाबतीतही तसंच. नुसतं पिप न म्हणता "पायथन३ -एम पिप --व्हर्जन" म्हणा. तो कोणत्या फोल्डरमधून बोलतोय ते त्याच ओळीत कळतं.

उपाय एका ओळीचा आहे. ॲक्टिव्हेटचा नाद सोडा आणि व्हेनव्हमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या. त्या पत्त्यावरून पायथन उठला की तो आपलं सामान आपोआप ओळखतो:

/होम/केंद्र/एनव्ह/बिन/पायथन /होम/केंद्र/दूध.पीवाय

दुसरी वेळ: जबरदस्तीचा दरवाजा

हे सगळं मला त्या वेळी इतकं स्वच्छ कळलेलं नव्हतं. पहाटेची वेळ, रांग वाढत चाललेली, सचिव घड्याळ बघतायत. मी पिपला "--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस" हा पर्याय लावला आणि लुमा थेट सिस्टीमच्या पायथनमध्ये ढकलली. चाललं. कित्येक महिने चाललं, म्हणून मला वाटलं, झालं काम.

हा पर्याय वापरू नका असं मी आता कळकळीने सांगते, आणि केवळ नियम आहे म्हणून नाही. सुडो लावून असं टाकलेलं सामान यूएसआर लोकलखाली, पायथन ३.११ च्या डिस्ट-पॅकेजेस फोल्डरमध्ये जातं, आणि पायथन ॲप्टच्या फोल्डरआधी तिथे बघतो. लुमासोबत एखादं नवं पॅकेज आलं की सिस्टीमचं जुनं त्याच्या मागे झाकलं जातं, आणि त्यावर उभा असलेला दुसराच एखादा प्रोग्राम कधीतरी कोसळतो. संबंध जोडायला तुम्हाला आठवडा लागेल.

माझ्या बाबतीत निमित्त वेगळं झालं. गावात वीज जाते-येते, आणि एसडी कार्ड गेलं. माझ्याकडे होम फोल्डरची प्रत होती. नव्या कार्डावर नवी ओएस लिहिली, होम फोल्डर टाकला, संस्थेत नेऊन लावलं. पहाटे काळं. लायब्ररी होममध्ये नव्हतीच, ती यूएसआर लोकलमध्ये होती आणि जुन्या कार्डाबरोबर गेली. शिवाय नवी ओएस डेबियन १३ वरची, म्हणजे ट्रिक्सी, तिच्यात पायथन ३.१३. जुन्या कार्डावरून तो फोल्डर उचलून आणला असता तरी ३.१३ ने ३.११ च्या नावाच्या फोल्डरमध्ये डोकावलं नसतं. व्हेनव्हलाही हे लागू आहे: पायथनची आवृत्ती बदलली की जुनं व्हेनव्ह दुरुस्त करत बसायचं नाही, पुसून नवं करायचं. त्यासाठी कोणत्या लायब्ररी लागतात त्यांची यादी प्रोग्रामशेजारी रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये ठेवा.

जुन्या कार्डावरून नव्यावर येताना आणखी दोन जागी ठेच लागते. एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये "पाय" नावाचा वापरकर्ता आपोआप तयार होत नाही, त्यामुळे /होम/पाय असा पत्ता लिहिलेले जुने प्रोग्राम आणि सर्व्हिस फाइल नव्या कार्डावर पडतात. आणि बुकवर्मपासून कॉन्फिगची फाइल थेट बूट फोल्डरमध्ये राहिलेली नाही, ती बूट फर्मवेअरमध्ये आहे. जुन्या लेखांत वाचून पहिल्या जागी बदल केला तर काहीच घडत नाही.

तिसरी वेळ: कार्ड जपताना गेलेली लायब्ररी

दुसऱ्या वेळेनंतर मी नेटाने बसले. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रविवारी नवं कार्ड तयार केलं, व्हेनव्ह केलं, सर्व्हिस फाइल लिहिली. वीज गेली तरी कार्डाला धक्का लागू नये म्हणून रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनातल्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये जाऊन ओव्हरले फाइल सिस्टीम चालू केली. संध्याकाळी संस्थेत गेल्यावर लक्षात आलं की व्हेनव्हमध्ये लुमा टाकायचीच राहिलीय. तिथेच मोबाइलच्या इंटरनेटवर टाकली, डिस्प्ले उजळला, संध्याकाळचं सगळं संकलन त्यावर पार पडलं. रात्री मामांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद केला.

ओव्हरले चालू असताना कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. तुम्ही टाकलेली लायब्ररी, बदललेली फाइल, सगळं रॅममध्ये तरंगत असतं. वीज गेली की कार्ड जसं होतं तसं परत. म्हणून रात्री चालत होतं आणि पहाटे नव्हतं. मामांचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर फोनवरच कळलं असतं.

तपासायला "डीएफ /" म्हणा. पहिल्या रकान्यात ओव्हरले असा शब्द दिसला तर आधी रास्पी-कॉन्फिगमधून ते बंद करा, रीबूट करा, मग लायब्ररी टाका, रीबूट करून खात्री करा आणि सगळ्यात शेवटी ओव्हरले पुन्हा चालू करा. क्रम हाच. ज्यांचा रास्पबेरी पाय शेतात, गुऱ्हाळात किंवा दुकानात विजेच्या भरवशावर चालतो त्यांनी ओव्हरले जरूर वापरावा. माझ्या मते तो घरगुती यूपीएसपेक्षा उपयोगी आहे. फक्त तो चालू आहे हे डब्यावर लिहून ठेवा.

आता पक्कं कसं बसवायचं

ओव्हरले बंद आहे असं धरून, आधी सिस्टीमची पॅकेजेस:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेनव्ह पायथन३-डेव्ह पायथन३-पीआयएल आयटूसी-टूल्स लिबफ्रिबिडी०

मग व्हेनव्ह, आणि त्यात लुमा:

पायथन३ -एम व्हेनव्ह --सिस्टम-साइट-पॅकेजेस /होम/केंद्र/एनव्ह
/होम/केंद्र/एनव्ह/बिन/पिप इन्स्टॉल लुमा.ओएलईडी

"सिस्टम-साइट-पॅकेजेस" हा पर्याय मी मुद्दाम घालते. त्यामुळे व्हेनव्हला ॲप्टने आणलेली पॅकेजेस दिसतात, आणि त्यात पिलो, म्हणजे चित्र-अक्षरं काढणारी लायब्ररी, महत्त्वाची. ती तयार बांधलेली मिळते. झीरो २ डब्ल्यूमध्ये रॅम ५१२ एमबी आहे. पिप पिलोचा सोर्स उतरवून तिथेच बांधायला लागला की पाय अर्धा तास गुदमरतो आणि बहुतेक वेळा जेपेगच्या हेडर फाइल मिळाल्या नाहीत म्हणून हात टेकतो. ३२ बिट ओएसवर पायव्हील्स या भांडारातून तयार चाकं (व्हील, म्हणजे आधीच बांधलेली पॅकेजेस) मिळतात, आणि त्याची नोंद ओएसमध्ये आधीच केलेली असते. ६४ बिटवर पायव्हील्स नाही, तिथे मुख्य भांडारात पिलो तयार मिळते, पण जीपीआयओ आणि एसपीआयच्या, म्हणजे पायच्या पिना चालवणाऱ्या, छोट्या लायब्ररी बांधाव्या लागू शकतात. तेव्हा "पायथन डॉट एच सापडत नाही" असं आलं की समजा पायथन३-डेव्ह टाकायचं राहिलंय.

पिप किंवा ॲप्ट सर्टिफिकेटवरून तक्रार करू लागले तर इंटरनेटला दोष देण्याआधी "डेट" म्हणून तारीख बघा. झीरो २ डब्ल्यूमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. इंटरनेटशिवाय बूट झाला की तो मागच्याच कुठल्यातरी तारखेला अडकतो, आणि मग आजचं सर्टिफिकेट त्याला "अजून सुरू न झालेलं" वाटतं. रेंज कमी असलेल्या गावात हे हमखास घडतं. हॉटस्पॉट जोडून मिनिटभर थांबा, तारीख सुधारली की पुढे जा.

क्रॉनऐवजी सिस्टमडी सर्व्हिस करा. फाइल /एटीसी/सिस्टमडी/सिस्टम या फोल्डरमध्ये दूध.सर्व्हिस या नावाने, आणि तिच्यात मुख्य ओळी एवढ्याच:

[सर्व्हिस]
युजर=केंद्र
एक्झेकस्टार्ट=/होम/केंद्र/एनव्ह/बिन/पायथन /होम/केंद्र/दूध.पीवाय
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=५

[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

नंतर "सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड" आणि "सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाउ दूध". पडलं तर "जर्नलसीटीएल -यू दूध -बी" मध्ये या बूटपासूनची सगळी कथा मिळते. तिथे २१७ हा आकडा युजरसोबत दिसला तर त्या नावाचा वापरकर्ता कार्डावर नाही. २०३ एक्झेकसोबत दिसला तर पायथनचा पत्ता चुकलाय किंवा व्हेनव्ह त्या जागी नाही. हे दोन आकडे पाठ करून ठेवण्यासारखे आहेत.

एरर कसलीच नाही, सर्व्हिस सुरळीत संपली, आणि तरी काळं? मग प्रोग्राम एकदाच चित्र काढून संपत असेल. लुमा प्रोग्राम संपताना डिस्प्ले पुसून बंद करते. प्रोग्राम लूपमध्ये चालू ठेवा, किंवा डिव्हाइसचा "पर्सिस्ट" ट्रू करा.

लायब्ररी सापडते पण डिस्प्ले सापडत नाही

संदेश बदलला म्हणजे दुखणं बदललं, हे लक्षात ठेवा. लुमा इम्पोर्ट झाली आणि त्यानंतर एरर आली तर व्हेनव्हला हात लावू नका, आता वायरीकडे वळा.

पायच्या पिन १ वर ३.३ व्होल्ट, पिन ३ वर एसडीए, पिन ५ वर एससीएल, पिन ६ वर ग्राउंड. डिस्प्लेवरची नावं वाचूनच जोडा, फोटोवरून जोडू नका. काही बोर्डांवर आधी ग्राउंड मग व्हीसीसी असतं, काहींवर उलट, आणि उलटं जोडलं तर डिस्प्ले जातो. रास्पी-कॉन्फिगमधून इंटरफेस ऑप्शन्समध्ये आयटूसी, म्हणजे पाय आणि डिस्प्ले ज्या दोन तारांवर बोलतात ती जोडणी, चालू करा. नंतर:

आयटूसीडिटेक्ट -वाय १

तक्त्यात ३सी किंवा ३डी दिसलं पाहिजे. इथे एक गोष्ट अनेकांना चकवते. बोर्डाच्या मागे पत्ता ७८ किंवा ७ए छापलेला असतो, आणि लोक तोच प्रोग्राममध्ये लिहितात. तो आठ बिटांचा पत्ता आहे, लिनक्स सात बिटांचा वापरतं. हेक्समधला ७८ निम्मा केला की ३सी, आणि ७ए निम्मा केला की ३डी. मागचा रेझिस्टर हलवल्याशिवाय पत्ता बदलत नाही, त्यामुळे छापलेल्या दोनपैकी कोणता खरा ते तक्त्यालाच विचारा.

तक्ता रिकामा असेल तर वायर, सोल्डर, किंवा सैल जंपर. आयटूसी-१ ची फाइलच नाही असं आलं तर आयटूसी बंद आहे. परवानगी नाही म्हणून १३ नंबरची एरर आली तर वापरकर्ता आयटूसी गटात नाही, "सुडो युजरमॉड -एजी आयटूसी केंद्र" करून पुन्हा लॉगिन करा. सुडो लावून वेळ मारून नेऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्या दुखण्यावर याल.

मधूनच १२१ नंबरची रिमोट आयओ एरर येणं हा वेगळा प्रकार. आमच्या संस्थेत बल्क कूलरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की डिस्प्ले गोठायचा. आयटूसी हे एकाच बोर्डावरच्या चिप्सनी एकमेकींशी बोलावं म्हणून केलेलं आहे, मीटरभर वायरीसाठी नाही. मी वायर एक वीत केली, कूलरच्या केबलपासून दूर नेली, आणि कॉन्फिग फाइलमध्ये आयटूसीचा वेग १ लाखावरून ५० हजारांवर आणला. ओळ अशी: डीटीपॅरम=आयटूसी_आर्म_बॉडरेट=५००००. तेव्हापासून गोठलेला नाही.

आणि जर सगळं उजळतं, पण एका कडेला बर्फासारखे ठिपके दिसतात आणि मजकूर दोन ठिपके सरकलेला आहे, तर चिप चुकलीय. ०.९६ इंची डिस्प्लेत बहुधा एसएसडी१३०६ असते, १.३ इंचीत बहुधा एसएच११०६. दोन्ही १२८ बाय ६४ दिसतात, पण एसएच११०६ ची आतली मेमरी १३२ स्तंभांची आहे. म्हातारी माणसं वाकून बघायला लागली म्हणून मी मोठा डिस्प्ले आणला आणि प्रोग्राममध्ये जुनंच नाव ठेवलं. लुमामध्ये एसएसडी१३०६ च्या जागी एसएच११०६ लिहिलं, ठिपके गेले.

मराठी अक्षरं फुटतात तेव्हा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं. पहिल्यांदा मी इंग्रजीत लिटर, फॅट असं दाखवलं होतं. आकडे तर दिसत होतेच, मग भाषा कशाला, असं सचिवांचं म्हणणं. पण खालचा आकडा फॅटचा की एसएनएफचा हे इंग्रजी न येणाऱ्याला कोण सांगणार?

मराठी लिहिलं तर आधी चौकोन आले. पिलोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. "सुडो ॲप्ट इन्स्टॉल फाँट्स-लोहित-देवा" करून तो फाँट पूर्ण पत्त्याने इमेजफाँटला दिला. चौकोन गेले, आणि डिस्प्लेवर "लटिर" आलं.

हे का होतं ते समजून घ्या, कारण यावर लायब्ररी पुन्हा टाकून काही उपयोग नाही. आपण "लि" लिहितो तेव्हा संगणकात आधी ल आणि मग पहिली वेलांटी साठवलेली असते. ती ल च्या आधी काढायची, म च्या पुढे हलंत आणि ह आला की त्याचा "म्ह" जोडायचा, हे काम राक्म नावाची वेगळी लायब्ररी करते. ती नसेल तर पिलो अक्षरं साठवलेल्या क्रमाने नुसती मांडत जाते. वेलांटी ल नंतर, म्हणजे ट च्या आधी पडते आणि लिटरचं लटिर होतं. म्हैसमधला म पाय मोडून वेगळा उभा राहतो.

राक्म आहे का ते असं विचारा. व्हेनव्हच्या पायथनलाच विचारायचं, सिस्टीमच्या नाही:

/होम/केंद्र/एनव्ह/बिन/पायथन -सी "फ्रॉम पीआयएल इम्पोर्ट फीचर्स; प्रिंट(फीचर्स.चेक('राक्म'))"

ट्रू आलं की झालं. फॉल्स आलं आणि पिलो पिपने टाकलेली असेल, तर बहुतेक वेळा लिबफ्रिबिडी नसते. पिलोच्या आवृत्ती ८.२ पासून पिपच्या तयार चाकांत राक्म आतच असते, पण ती फ्रिबिडी सिस्टीममधून, चालताना उचलते. ती नसली तर राक्म गप्प बसते, एरर देत नाही. म्हणून वर ॲप्टच्या यादीत मी ते पॅकेज घातलंय.

याच पिलोची आणखी एक खोड सांगायलाच हवी. मजकूर मधोमध आणण्यासाठी जुन्या प्रोग्राममध्ये "टेक्स्टसाइझ" वापरलेलं असतं. जुलै २०२३ मध्ये आलेल्या पिलो १० मधून ते काढून टाकलं. बुकवर्मच्या ॲप्टमधली पिलो ९.४ आहे, तिच्यात ते चालतं, पिपने टाकलेल्या नव्या पिलोत तोच प्रोग्राम "ॲट्रिब्यूट नाही" म्हणून पडतो. दोन पायवर एकच प्रोग्राम, एकावर चालतो आणि एकावर नाही, असं दिसलं तर पिलोची आवृत्ती छापून बघा. नवा मार्ग "टेक्स्टबीबॉक्स". तो डावी, वरची, उजवी आणि खालची कड देतो, रुंदी म्हणजे उजवीतून डावी वजा. नव्यातही चालतो, ९.४ मध्येही चालतो, म्हणून तोच लिहा.

अक्षराचा आकार मी २२ ठेवला आणि एका वेळी दोनच ओळी. ६४ ठिपक्यांच्या उंचीत तीन ओळी कोंबल्या तर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत फॅटचा चंद्र टिंबासारखा दिसतो. आधी लिटर, दोन सेकंदांनी फॅट, मग एसएनएफ असं आळीपाळीने दाखवते. रांगेला तेवढा वेळ असतो. आकडे बदलत राहिल्याने ओएलईडीवर एकाच जागी कायमचा डागही पडत नाही.

निघण्याआधीची तपासणी

आता मी संस्थेतून निघताना टर्मिनलवर चाललं यावर विश्वास ठेवत नाही. कीबोर्ड आणि मोबाइलचा हॉटस्पॉट काढून घेते, "सुडो पॉवरऑफ" करते, हिरवा दिवा विझला की मामांना मेन स्विच बंद करायला सांगते. पाच मिनिटं थांबून स्विच पुन्हा चालू. इंटरनेट नाही, मी लॉगिन केलेलं नाही, ओव्हरले चालू आहे. पहाटे जी परिस्थिती असते तीच. असं लागोपाठ दोनदा उजळलं तरच निघायचं.

तिसऱ्या दुरुस्तीच्या संध्याकाळी दुसऱ्यांदा स्विच दाबला तेव्हा सचिव, मामा आणि किटली घेऊन आलेला एक शाळकरी पोरगा काउंटरला टेकून उभे होते. चाळीसेक सेकंद काही नाही. मग "लिटर" आलं, वेलांटी जिथल्या तिथे. पोराने मोठ्याने वाचलं, त्याचं माप काट्यावर ठेवलं, आणि पुढचा आकडाही त्यानेच वाचून दाखवला: "फॅट ६.८."

"पावती दे आता त्याची," मामा सचिवांना म्हणाले.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर चार ओळी आहेत: ओव्हरले चालू, पायथन होम केंद्र एनव्हमधला, डिस्प्ले एसएच११०६ पत्ता ३सी, लॉगसाठी जर्नलसीटीएल -यू दूध -बी.